तीन कोपऱ्यांचं टेबल

घुम्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. उठला की आधी तो बोटं सरळ करायचा. झोपेत ती घणाच्या दांड्याभोवती असतात तशी वळून आखडलेली असायची. एका हातानं दुसऱ्याची बोटं उलगडावीत, तर दुसराही हात तसाच. म्हणून दाराच्या कडीत बोटं अडकवून तो अंग मागे टाकायचा. सांधे कडाकडा वाजायचे. शेजारीण म्हणायची, आम्हाला कोंबडा लागत नाही, घुम्याची बोटं आहेत.

मी मिस्त्री होतो आणि तो माझा घणकरी. तापलेलं लोखंड सांडशीत धरून मी ऐरणीवर ठेवायचं आणि त्यानं घण घालायचा. आमच्या कारखान्यात यंत्राचा घण होता, पण तो एकसारख्या मालासाठी. क्रेनचा मोठा आकडा, जहाजाच्या साखळीची तुटलेली कडी, कुठल्यातरी जुन्या फाटकाची बिजागरी, असा एकेकटा नग आला की तो आमच्याकडे यायचा. तीसेक वर्षं आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. एवढा वेळ मी बायकोसमोर उभा राहिलो नाही.

घण घालायला ताकद लागते असं लोकांना वाटतं. ताकदीनं मारणारा दुपारपर्यंत संपतो. घाव टाचेतून निघतो, कमरेतून वर चढतो, खांदा फक्त त्याला वाट देतो. घुम्या नवा होता तेव्हा त्याचा डावा पाय बाहेर पडत नव्हता. मी सांडशीनं त्याच्या पोटरीवर हाणायचो. त्यानं कुरकुर केली नाही. पाय सुधारला.

भट्टीवर आवाज इतका की तोंडानं बोलून उपयोग नाही. बोलायचं ते हातोडीनं. माझ्या हातात लहान हातोडी असे. लोखंडावर जिथे मी हलका ठोका मारीन, घण तिथे पडणार. दोन ठोके दिले की थांबायचं नाही, दाखवीन तिथे मारत राहायचं. हातोडी आडवी ठेवली की संपलं. पण घण वर गेलेला असताना हातोडी आडवी ठेवायची नाही. वर गेलेला घण मध्येच अडवला तर खांदा निखळतो. अशा वेळी मिस्त्री ऐरणीखालच्या ओंडक्यावर एक ठोका मारतो. शेवटचा घाव लाकडाला, मग हातोडी आडवी. आमच्या ओंडक्यांच्या कडा अशा घावांनी चेचून गेलेल्या असायच्या.

आणखी एक नियम होता. घाव चुकीच्या जागी पडला तर दोष दाखवणाऱ्याचा. घणकऱ्यानं विचार करायचा नसतो. माझ्या डाव्या हाताला करंगळी नाही. घुम्याच्या आधीच्या घणकऱ्यानं एकदा विचार केला होता.

भट्टीनं माणसं खाल्ली. शेजारच्या ऐरणीवरच्या मिस्त्रीच्या डोळ्यात लोखंडाची कपची घुसली आणि तो डोळा धरून भिंतीशी बसला तो पुन्हा कामावर आला नाही. एकदा आकड्याचं लालबुंद टोक तुटून घुम्याच्या मानेला चिकटलं. मांस जळाल्याचा वास आला. वर गेलेला घाव त्यानं पुरा केला, मी हातोडी आडवी ठेवली, मग त्यानं ते टोक उपटलं. सोबत कातडी आली.

"आकडा वाया गेला का?" एवढंच त्यानं विचारलं.

मार त्याला नवा नव्हता. त्याचा बाप मालगाडीवर हमाली करायचा आणि घरी आला की कमरेच्या पट्ट्याची पितळी बाजू वापरायचा. घुम्या त्यातूनच घुम्या झाला. बोललं की मार पडायचा, मग बोलायचंच कशाला. घणावर लागून दोनेक वर्षं झाली तेव्हा चहाच्या टपरीवर एकानं त्याला बापावरून शिवी दिली. घुम्यानं एक थप्पड मारली. एकच. त्या माणसाचा जबडा सरकला आणि एका कानानं ऐकू येणं कायमचं बंद झालं. घुम्या त्याला स्वतः पाठीवर घालून दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर मला म्हणाला, "मिस्त्री, मी आता माणसावर हात उचलणार नाही. मला बेतानं मारता येत नाही." तेव्हापासून कुठे भांडण लागलं की तो दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचा. खिसे त्यानं मुद्दाम खोल शिवून घेतले होते.

त्याला एक मुलगी. ती आठ वर्षांची असताना तिची आई तापानं गेली. मग शाळा सुटली की पोरगी सरळ भट्टीवर यायची. कोळशाच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची. लोखंडातून उडणाऱ्या ठिणग्या झेलायला धावायची आणि फ्रॉकला भोकं पाडून घ्यायची, म्हणून मी तिचं नाव ठिणगी पाडलं. हातोडीची भाषा तिला पाटीवरच्या अक्षरांइतकीच लवकर आली. जेवणाच्या सुट्टीत बापलेकीचा एक खेळ चालायचा. ती ऐरणीवर अक्रोड ठेवायची, दोन बोटांनी धरायची आणि चमच्यानं त्यावर ठोका मारायची. घुम्याची मूठ खाली यायची. अक्रोड फुटायचा. बोटं शाबूत. शेवटी ती चमचा ओंडक्यावर आपटायची, तो तिथे एक मूठ मारायचा, आणि मग ती चमचा आडवा ठेवायची. हे पाहणारा नवखा माणूस दर वेळी डोळे मिटायचा. ती मिटायची नाही.

तिचं लग्न तिनं स्वतः जमवलं. जावई कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या दुकानात होता. बोलण्यात साखर, कपड्यांना इस्त्री. पहिल्या भेटीत त्यानं घुम्याचे हात हातात घेऊन म्हटलं, मामा, हे हात म्हणजे सोनं. घुम्या लाजला. घरी कुणी त्याचे हात असे धरले नव्हते. मला मात्र तो माणूस आवडला नाही, कारण बोलताना तो समोरच्याच्या अंगावर कुठेतरी हात ठेवायचाच. खांद्यावर, दंडावर, मानेवर. मी तेव्हा गप्प बसलो. लग्न झालं, एक मुलगी झाली.

मारहाण कधी सुरू झाली ते ठिणगीनं सांगितलं नाही. आधी ओठ फुटला, तो दारावर आपटला. मग कानशिलावर काळंनिळं झालं, ते कपाटामुळे. एवढी दारं-कपाटं अंगावर येणारं घर मी पाहिलं नव्हतं. घुम्या एकदा त्यांच्या घरी गेला. विचारायला तोंड उघडलं तर जावयानं त्यालाच मारलं, जिन्यात, शेजाऱ्यांसमोर. घुम्या हात खिशात घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर आला तेव्हा त्याची भुवई फाटलेली होती आणि नाक सुजून एका बाजूला गेलं होतं. मी विचारलं, तू काहीच केलं नाहीस? तो म्हणाला, केलं असतं तर आज मी इथे नसतो आणि तो कुठेच नसता.

मग एक दिवस जावयानं ठिणगीचं उजवं मनगट दाराच्या फटीत घातलं आणि दार लावलं. हाड तीन ठिकाणी मोडलं. दवाखान्यातून ती सासरी गेली नाही, बापाकडे आली. पण तीन वर्षांची पोर तिकडेच राहिली. निरोप आला, पोर आमची आहे, आई हवी असेल तर आईनं यावं.

चार महिने असे गेले. ठिणगी दररोज त्या इमारतीसमोर जाऊन उभी राहायची. कधी पोर खिडकीत दिसायची, कधी खिडकी बंद. मनगट वेडंवाकडं जुळलं. हात उताणा होईना, पालथा होईना. जेवण डाव्या हातानं.

शेवटी विहीणबाईंचा निरोप आला की बसून बोलून मिटवू. पण घरी नको, तुमचं माणूस आडदांड आहे, चारचौघांत बसू. जागा जावयानं ठरवली. त्याच्या दुकानाजवळ एक पिझ्झा हॉटेल होतं. पोरीला पिझ्झा आवडतो, म्हणाला. पोर दिसणार म्हटल्यावर ठिणगी लगेच हो म्हणाली.

घुम्यानं मला सोबत बोलावलं. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. तो म्हणाला, "तुम्ही माझ्या शेजारी बसा. माझ्या हातांवर लक्ष ठेवा." त्यानं लग्नातला सदरा घातला होता. मानेचं बटण लागत नव्हतं. जळाल्याची खूण झाकायला त्यानं रुमाल बांधला, मग बरं दिसत नाही म्हणून काढला.

हॉटेलच्या मधोमध विटांची भट्टी होती. आत लाकडं पेटलेली. आम्ही दोघं आत शिरल्याबरोबर तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो. सवय. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीवरून पिझ्झा आत सरकवत होता आणि फिरवून काढत होता. काम चोख, पण सगळं खांद्यानं. मी घुम्याला म्हटलं, चाळिशीत याचा खांदा जाणार. तो म्हणाला, कुणीतरी पोटरीवर हाणायला पाहिजे होतं. एवढीच त्या दिवशीची आमची थट्टा.

टेबल चौकोनी, वर पांढरा संगमरवर, खाली बिडाचा पाय. त्यांची माणसं आधीच बसली होती. जावई वाटेकडच्या कोपऱ्याला. त्याच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवलेली, ती ठिणगीसाठी. डोक्याच्या बाजूला विहीणबाई आणि त्यांच्या मांडीवर पोर. घुम्या जावयासमोर बसला, मी घुम्याच्या शेजारी. पोरीनं आईकडे पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं. चार महिन्यांत ती आईला बिचकू लागली होती. ठिणगी खुर्चीत बसली ती जणू कुणी खांदे दाबून बसवल्यासारखी.

वेटरनं जाड पिझ्झा आणला. बिडाच्या तव्यातच, खाली लाकडी पाट, तव्याच्या दांड्याला कापड गुंडाळलेलं. तो ठेवताना म्हणाला, जपून, गरम आहे. घुम्यानं कापड धरून तवा वितभर उचलला, हातात वजन तोललं आणि परत ठेवला. मला म्हणाला, ओतीव चांगलं आहे, पण दांडा आखूड. विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, हे हातानंच खातात हो, लाजू नका, हात मात्र धुऊन या. घुम्या खरंच उठून हात धुऊन आला.

जावयानं सगळ्यांना वाढलं. पोरीचा तुकडा बारीक कापून दिला, फुंकर घालून. पाहणाऱ्याला वाटावं, बाप असावा तर असा. बोलणं विहीणबाईंनी सुरू केलं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. आमच्या वेळी आम्हीही सोसलं. पोरीला आई पाहिजे. तेव्हा आजच, इथूनच, सुनेनं आमच्याबरोबर घरी यावं, मागचं मागे टाकावं. कपडे नंतर आणता येतील.

मी विचारलं, आणि मनगट? विहीणबाई म्हणाल्या, दार वाऱ्यानं लागलं. मी म्हटलं, मोठा नेमका वारा. जावई हसला. माझ्या म्हणण्याचा त्याला राग आला नाही. तो म्हणाला, मिस्त्री, तुम्ही मोठे आहात, पण हा आमचा घरचा मामला आहे. आणि असं म्हणता म्हणता त्यानं डावा हात लांब करून ठिणगीच्या उजव्या मनगटावर ठेवला. प्रेमानं ठेवावा तसा. पूर्ण हात टेबलावर, कोपरापर्यंत.

ठिणगी म्हणाली, पोर मला द्या, मी येणार नाही.

तिच्या आवाजात काही कमी-जास्त नव्हतं. जावयाचा चेहराही तसाच राहिला. फक्त त्याच्या हाताच्या शिरा वर आल्या. मी लोखंड पाहिलेला माणूस आहे. दाब कुठे पडतो ते मला दिसतं. त्याचा अंगठा तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे हाड वाकडं जुळलं होतं, तिथे रुतत होता. ठिणगीच्या कपाळावर घाम आला. ती हात ओढत नव्हती, कारण ओढला तर हाड पुन्हा सुटणार.

"हात काढ," मी म्हटलं.

"हात ठेवलाय फक्त," जावई म्हणाला. "माझी बायको आहे." आणि तिच्याकडे वळून हळूच, हसतच बोलला, "ये म्हणतोय तर ये. दुसरं मनगटही आहे तुला. आणि पोरीलाही दोन आहेत."

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. विहीणबाईंनीही. त्यांनी पोरीचं तोंड पुसायला घेतलं.

मी घुम्याच्या हातांकडे पाहिलं. ते खिशात होते. दोन्ही. तो लेकीच्या तोंडाकडे पाहत होता आणि त्याच्या जबड्याखाली काहीतरी उड्या मारत होतं. तो उठणार नव्हता. जिन्यात मार खाल्ला तसा इथेही खाल्ला असता, रडला असता, आणि ती लेक त्या दोघांबरोबर घरी गेली असती. मला हे कळलं. तिलाही कळलं.

ठिणगीच्या डाव्या हातात काटा होता. तिनं बापाकडे पाहिलं. मग तिनं तो काटा जावयाच्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, टेकवला आणि ठोकला. एक. दोन.

काट्याचे दात कातडीला जेमतेम लागले असतील. जावयानं खाली पाहिलं, त्याला वाटलं ती टोचते आहे.

घुम्याचे हात खिशातून कधी निघाले ते मला दिसलं नाही. मला त्याचा डावा पाय दिसला. खुर्चीतून अर्धवट उठताना तो बाहेर पडला, जिथे पडायला पाहिजे बरोबर तिथे. तव्यातले उरलेले तुकडे उडून भिंतीवर चिकटले. बिडाचा तवा वर गेला आणि खाली आला.

हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो असं म्हणतात. हा तसा नव्हता. हा बोथट होता, संगमरवरावर पोतं आपटल्यासारखा. तव्याची कड जिथे काटा टेकला होता तिथेच बसली. हाताचा पुढचा भाग वर उचलला गेला आणि नको त्या जागी वाकला. ठिणगीचं मनगट त्याच्या बोटांखाली होतं, त्याला खरचटलंसुद्धा नाही. बोटं आपोआप सुटली.

जावई ओरडला नाही. त्याचा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. तो पुढे कोसळला आणि त्याचं डोकं टेबलावर पडलं, वाटेकडच्या कोपऱ्याजवळ. विहीणबाई किंचाळल्या. शेजारच्या टेबलावरची माणसं खुर्च्या पाडत उठली. भट्टीवाला लांब दांड्याची फळी घेऊन धावला आणि चार हातांवर थबकला.

कारण तवा पुन्हा वर गेला होता.

दोन ठोके दिले की थांबायचं नाही. घुम्याची नजर जावयावर नव्हती. ती काट्यावर होती. तोंड मोकळं, भट्टीवर असायचं तसं. त्या वेळी तो जेवायला आलेला माणूस नव्हता, बापही नव्हता, घणकरी होता, आणि दाखवील तिथे मारणार होता. मी हाक मारली नाही. ठोका माझा नव्हता. भट्टीवर दोघांनी दाखवलं की माणूस मरतो.

ठिणगी उभी राहिली. काटा अजून तिच्या हातात उभाच होता. तिनं नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. केसांचा भांग, कानामागची जागा. काटा त्या बाजूला सरकला. जावयानं टेबलावर गाल ठेवूनच डोळे वर फिरवले. सासरा कुणाकडे बघतो आहे ते त्याला दिसलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे काही मागितलं.

"सांग ना त्यांना," तो म्हणाला. लाळ गळत होती. "सांग ना."

तिनं त्याला थोडं थांबायला लावलं. फार नाही. तव्याचं वजन वर धरून घुम्याचा दंड कापायला लागला, एवढंच.

मग तिनं हात लांब केला आणि संगमरवराच्या मोकळ्या कोपऱ्यावर, त्याच्या नाकापासून वितीवर, एक ठोका मारला. घाव तिथे पडला. कोपरा पावासारखा तुटला आणि फरशीवर जाऊन त्याचे दोन तुकडे झाले. कपच्यांनी जावयाचा गाल फाटला. तिनं काटा टेबलावर आडवा ठेवला.

घुम्यानं तवा पाटावर ठेवला. कापड नीट गुंडाळलं. मग खाली बसला.

ठिणगी टेबलाच्या त्या बाजूला गेली, विहीणबाईंच्या मांडीवरून पोर उचलली आणि कुणाकडे न पाहता भट्टीमागच्या दारानं बाहेर पडली. भट्टीवाल्यानं तिला वाट दिली. विहीणबाईंनी पोरीचा पाय धरला होता, त्यांच्या हातात बूट राहिला.

पोलीस येईपर्यंत आम्ही बसून होतो. जावयाला माणसांनी फरशीवर आडवं केलं होतं, तो आता ओरडत होता. हॉटेलचा मालक घुम्यापासून लांब उभा राहून त्याला हलू नको म्हणत होता. घुम्या हललाच नाही. त्याच्या ताटात एक तुकडा होता, तो त्यानं खाल्ला. अन्न टाकायची त्याला सवय नव्हती.

"गार झाला की चामड्यासारखा लागतो," तो म्हणाला. मग हात पालथे करून त्यांच्याकडे बघत राहिला. "मिस्त्री, ती नसती थांबली तर?"

मी म्हटलं, दाखवणाऱ्याला माहीत असतं.

कोर्टात मी सगळं सांगितलं. ठोका, घाव, ओंडका, आडवी हातोडी. वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. घुम्याला विचारलं, तू का मारलंस, तर तो गप्प. घुम्याच तो. मग ठिणगीला उभं केलं. तिनं सरळ सांगितलं, "मी दाखवलं, बाबांनी मारलं. दोष दाखवणाऱ्याचा असतो." जावयाचा वकील उसळला, म्हणाला, मग हिच्यावरही खटला भरायला पाहिजे. ती म्हणाली, भरा. न्यायाधीशबाईंनी विचारलं, शेवटचा ठोका कोपऱ्यावर का मारला? ती म्हणाली, वर गेलेला घण कुठेतरी उतरवावा लागतो. बाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. ज्या लाकडी कठड्यावर तिला हात ठेवायला सांगितलं होतं, तिथे तो नीट टेकतच नव्हता.

डॉक्टरांनी तिच्या जुन्या जखमांची साक्ष दिली. ओठ, बरगडी, मनगट. दारा-कपाटांच्या गोष्टी तिथे टिकल्या नाहीत. पोर आईकडे राहिली. जावयाची बदली दुसऱ्या शहरातल्या दुकानात झाली. त्याच्या हातात धातूची पट्टी आणि स्क्रू आहेत. मी ऐकतो की थंडीत तो हात दुखतो आणि आता तो बोलताना कुणाच्या अंगावर हात ठेवत नाही.

ठिणगीवर खटला झाला नाही. घुम्याला शिक्षा झाली. कायदा दाखवणाऱ्याचं मानत नाही, मारणाऱ्याचं मानतो. आत त्याला बागेत कुदळ चालवायला दिली. मी भेटायला गेलो की तो कुदळीच्या तोलाबद्दल तक्रार करायचा. सुटून आला तेव्हा कामावर त्याची जागा गेलेली होती आणि तशीही भट्टी बंदच होत होती. आता तो कुणासाठी घण उचलत नाही. तरी बोटं पहाटे वळलेलीच असतात. दाराच्या कडीला नात लटकून बघते, आजोबांसारखा आवाज येतो का.

घुम्यानं जन्मभर पगारातून एका गोष्टीसाठी बाजूला ठेवलं होतं. स्वतःच्या नावाची एक खोली, पूर्वेला खिडकी असलेली. पहाटे उठणाऱ्याला उजेड आधी मिळावा म्हणून. त्यातलं बहुतेक जावयाच्या हाताच्या भरपाईत गेलं. कोर्टानं तसं सांगितलं होतं, घुम्यानं हूं का चूं केलं नाही. उरलं ते, घुम्या सुटून आल्यावर, हॉटेलच्या मालकानं मागितलं. तो म्हणाला, एक कोपरा तुटला म्हणून नुसता कोपरा मिळत नाही, पूर्ण टेबलाची किंमत द्यावी लागेल. त्याचं बरोबर होतं.

घुम्यानं पूर्ण किंमत दिली आणि म्हणाला, मग टेबल माझं.

मालकाला वाटलं हा थट्टा करतो. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बिडाचा पाय वेगळा केला, तो मी घेतला. दगड घुम्यानं पाठीवर घेतला, कमरेला दोरी, डोक्याला पट्टा. मी म्हटलं हातगाडी आणू. तो म्हणाला, हातगाडीत दगड आदळतो, तडा जाईल. वाटेत दोनदा थांबलो, दोन्हीदा माझ्यासाठी. भट्टीवाला दारापर्यंत आला होता. त्यानं तुटलेल्या कोपऱ्याचे दोन तुकडे पुडक्यात बांधून दिले, जोडता आले तर बघा म्हणाला. ते आम्ही जोडले नाहीत. एक दार अडवून ठेवायला आहे, दुसरा हरवला.

भाड्याच्याच खोलीत ते टेबल आहे. खिडकी पश्चिमेला. नात त्यावर अभ्यास करते, ठिणगी डाव्या हातानं भाजी चिरते, आणि घुम्या तुटलेल्या बाजूला बसतो, म्हणजे कड कुणाला लागायला नको. तिथली धार त्यानं कानशीनं घासून काढली, आठवडाभर, हळूहळू, कमरेनं.

इतकी वर्षं घण घालून त्यानं विकत घेतलेली ही एकच वस्तू. एक टेबल. चार बाजू, तीन कोपरे.